रेस घेत नाही, म्हणून पेडल बदलायचे का?

पुणे-सोलापूर रस्त्याने हडपसर-मांजरी ओलांडून लोणी काळभोरकडे आले की रस्त्याकडेला टँकर दिसू लागतात. तेल कंपन्यांची टर्मिनले लोणी काळभोर आणि कदमवाकवस्तीच्या परिसरात आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमचे टर्मिनल मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनवरचे. पाइपातून आलेले इंधन इथून पुढे चाकांवर चढते आणि गावोगावच्या पंपांवर पोचते. त्यामुळे इथे अडलेली गाडी हा एकट्या मालकाचा तोटा राहत नाही, पुढच्या पंपाचेही वेळापत्रक कोलमडते. अलीकडच्या गाड्यांत अडण्याचा एक प्रकार वारंवार कानावर येतो. इंजिन चालू होते, पण गाडी रेस घेत नाही. पेडल तळापर्यंत दाबले तरी इंजिन हजाराच्या आसपास फेऱ्यांवर अडून बसते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला असतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, पडद्यावर ‘ॲक्सिलरेटर पेडल पोझिशन सेन्सर’ ही अक्षरे उमटतात आणि नवे पेडल मागवले जाते. हा निर्णय पुराव्याच्या आधी घेतलेला असतो, असे माझे म्हणणे आहे. कोड एका सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये पेडल आहे, तारा आहेत, कपलर आहेत, अर्थिंग आहे, ५ व्होल्टचा पुरवठा आहे आणि बऱ्याच टँकरांत नंतर बसवलेली एक परकी डबीही आहे. यांतले नेमके काय बिघडले हे मोजून ठरवता येते. त्याला लागणारे साधन महागडे नाही. महाग आणि दुर्मीळ आहे ती त्या गाडीची वायरिंगची आकृती.

हा प्रश्न आधीच्या पिढीला नव्हता, कारण तेव्हा पाय आणि पंप यांच्यात लोखंड होते. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे मायकोचा पंप (ही कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड नावाने ओळखली जाते) आणि त्याच्या गव्हर्नरला पेडलपासून जोडलेली दांडी किंवा केबल, एवढाच सगळा मामला. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवून ताकद कमी-जास्त करत नाहीत. हवा पूर्ण घेतली जाते आणि डिझेल किती सोडायचे ते ठरवले जाते. पूर्वी ते पंपातली रॅक ठरवत असे, आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, ठरवते. जगात हा बदल आधी झाला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट डिझेलचे सिरीज ६० हे इंजिन १९८७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह आले, जपानमध्ये डेन्सोने १९९५ मध्ये कॉमन रेल ही इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणीची पद्धत ट्रकवर बसवली. आपल्याकडे तो आला धुराच्या नियमांमुळे. १ एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत भारत स्टेज-४ लागू झाले त्यांत पुणे होते आणि सोलापूरही होते. तरी मालवाहतुकीत खरा फरक पडला तो १ एप्रिल २०१७ ला, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आठवड्यातल्या आदेशाने स्टेज-३ च्या गाड्यांची विक्री देशभर थांबली. पुढे १ एप्रिल २०२० ला स्टेज-६ आले आणि पाय व इंजेक्टर यांच्यातले लोखंड जवळपास संपले. ज्या मिस्त्रींनी हयात पंपाच्या आवाजावरून दोष ओळखण्यात घालवली, त्यांच्या हातात थोड्याच वर्षांत मीटर आणि स्कॅनर आला. ही उडी मोठी होती आणि तिच्यासाठी कुणी नीट पूल बांधला नाही.

पेडलच्या मुळाशी प्लास्टिकची एक छोटी डबी असते. तिच्या कपलरला बहुतेक गाड्यांत सहा तारा येतात: ५ व्होल्टच्या दोन, अर्थिंगच्या दोन आणि सिग्नलच्या दोन. आत एकमेकांपासून वेगळे असे दोन सेन्सर असतात. जुन्या जातीत कार्बनच्या पट्टीवर घासणारी पत्ती, नव्यात चुंबक आणि हॉल सेन्सर. सर्रास आढळणाऱ्या रचनेत पाय वर असताना पहिला सिग्नल पाऊण व्होल्टच्या आसपास आणि पेडल तळाशी गेल्यावर चार व्होल्टच्या आसपास असतो. दुसरा प्रत्येक जागी पहिल्याच्या निम्मा. आकडे कंपनीगणिक थोडे बदलतात आणि काही जुन्या रचनांत दुसऱ्या सिग्नलऐवजी ‘पाय वर आहे’ एवढेच सांगणारा स्विच असतो, पण तत्त्व तेच. एकाच्या सांगण्यावर ईसीयू विश्वास ठेवत नाही. दोघांचे प्रमाण जुळले तरच ती डिझेल सोडते, नाहीतर ठरलेल्या जुजबी फेऱ्यांवर गाडी धरून ठेवते. दुसरा सिग्नल पहिल्याइतकाच न ठेवता निम्मा का ठेवला, याचे उत्तर एका गाजलेल्या तपासात सापडते. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी अमेरिकेत झाल्यावर नासाच्या अभियंत्यांनी छाननी केली. फेब्रुवारी २०११ च्या त्यांच्या अहवालात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दोषाने इंजिन मोकाट सुटल्याचा पुरावा मिळाला नाही असे म्हटले होते. मात्र जुन्या पट्टीच्या जातीच्या एका बिघडलेल्या पेडलात कथिलाचा अतिसूक्ष्म तंतू वाढून दोन सिग्नलमध्ये शॉर्ट झालेला त्यांना दिसला. दोन्ही सिग्नल मुळात सारखेच असते तर अशी चिकटाचिकटी कुणाला कळलीही नसती. निम्म्याचे प्रमाण मोडते म्हणून ती उघडी पडते. तेव्हा रेस न घेणारी गाडी बऱ्याचदा बिघडलेली नसून सावध झालेली असते. ती अडून बसते म्हणून माणसे वाचतात. ड्रायव्हरच्या आणि मालकाच्या मनातून इलेक्ट्रॉनिक गाडीबद्दलचा राग कमी व्हायचा असेल तर ही गोष्ट आधी समजावून सांगायला हवी.

आता कोड काय म्हणतो ते पाहू. जड वाहनांत कोडाचे दोन भाग असतात. एसपीएन ९१ म्हणजे पेडलचा पहिला सिग्नल, २९ म्हणजे दुसरा. त्यापुढचा एफएमआय आकडा दोषाची जात सांगतो: ३ म्हणजे व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे माहिती विसंगत. हलक्या गाड्यांत हेच पी २१२२, पी २१२३, पी २१२७, पी २१२८ असे येते आणि दोन सिग्नल जुळत नसतील तर पी २१३८. या आकड्यांत ‘पेडल खराब आहे’ असे कुठेही लिहिलेले नाही. व्होल्टेज कमी असायला सिग्नलची तार तुटलेली पुरते, ती अर्थिंगला टेकलेली पुरते, किंवा ५ व्होल्टच पोचत नसले तरी पुरते. व्होल्टेज जास्त असायला सेन्सरची अर्थिंग तुटलेली पुरते. यातून चाचणीची सोपी सुरुवात सुचते. चावी चालू ठेवून, इंजिन बंद असताना पेडलचा कपलर काढायचा आणि स्कॅनरवर थेट आकडा बघायचा. ‘व्होल्टेज जास्त’ असा कोड असताना कपलर काढल्यावर आकडा शून्याकडे आला, तर तारा आणि ईसीयू जागेवर आहेत आणि संशय पेडलकडे व त्याच्या अर्थिंगकडे सरकतो. कपलर काढूनही आकडा वरच राहिला, तर पेडल त्या सर्किटमध्येच नाही आणि दोष तरीही आहे. मग पेडलला दोष कसा देणार? काही ईसीयूंची आतली रचना उलटी असते, त्यांत मोकळी तार वरचा आकडा दाखवते, एवढे भान ठेवावे. या चाचणीला दोन मिनिटे लागतात आणि नवे पेडल मागवायचे की नाही हा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो.

सगळ्यात जास्त फसवते ती अर्थिंग, म्हणून तिच्याजवळ जरा थांबू. समजा पहिल्या सेन्सरच्या अर्थिंगच्या पिनेवर हिरवट गंज चढला आणि तिथे ३० ओहमचा अडथळा तयार झाला. सेन्सर साधारण १० मिलिअँपिअर वीज घेत असेल तर त्या गंजावर ०.३ व्होल्ट पडतात. म्हणजे सेन्सरचा तळ शून्यावर न राहता ०.३ वर उचलला गेला आणि त्याला ५ ऐवजी ४.७ व्होल्ट मिळाले. पाय वर असताना हा सेन्सर पुरवठ्याच्या १५ टक्के देतो असे धरले, तर निरोगी असताना ०.७५ व्होल्ट यायला हवेत. आता येतील ०.३ अधिक ४.७ चे १५ टक्के, म्हणजे १ व्होल्ट. दुसऱ्याची अर्थिंग स्वच्छ आहे, तो आपले ०.३७ च सांगतो. निम्म्याचे प्रमाण मोडले, कोड आला, गाडी अडली. आता पेडल तळाशी दाबून पाहा. पहिला सेन्सर ८० टक्के देतो, म्हणजे ४ व्होल्ट हवेत; येतात ४.०६. फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणून जो मिस्त्री पेडल पूर्ण दाबून मीटर बघतो त्याला सगळे ठीक दिसते, आणि जो पाय वर ठेवून बघतो त्याला दोष दिसतो. आणखी एक गोष्ट अशी की बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमलाही वाजतो. तार तपासताना ‘बीप वाजली, तार चांगली’ असे म्हणणारा इथे हमखास चुकतो. बरोबर पद्धत म्हणजे कपलर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन टेकवायची आणि चालू स्थितीत सेन्सरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजायचे. चांगल्या सर्किटमध्ये हा आकडा व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आत राहतो. तारेचे वेष्टन टोचून मोजू नये, कारण त्या छिद्रातून पहिल्याच पावसात पाणी शिरते आणि आजचा तपास तीन महिन्यांनी नवा दोष होऊन परत येतो. २४ व्होल्टचा टेस्ट लॅम्प तर या तारांना लावूच नये. जिथे मिलिअँपिअरचा कारभार आहे तिथे दिव्याची वीज वाहवली की ईसीयूच्या आतला भाग जळू शकतो.

गंज चढतो कुठे आणि तारा तुटतात कुठे, यालाही गाडीच्या रचनेत कारण आहे. पेडल केबिनमध्ये असते आणि ईसीयू पुष्कळ गाड्यांत इंजिनवर. केबिन पुढे झुकवायची गाडी असेल तर मधली वायरिंग बिजागरीपाशी दर वेळी वाकते. सर्व्हिसिंगसाठी केबिन उचलल्यावर चार दिवसांनी दोष आला, तर पहिला शोध तिथे घ्यावा. ५ व्होल्टचा पुरवठा ईसीयू तयार करते आणि तीच लाइन काही गाड्यांत इतर सेन्सरांनाही जाते. ऑइल प्रेशरच्या किंवा बूस्टच्या सेन्सरमध्ये शॉर्ट झाला तरी पेडलचा कोड येऊ शकतो. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले तर ते सगळे एकदम खराब झाले असे मानण्यापेक्षा त्यांची सामाईक लाइन बसली असे मानणे शहाणपणाचे. एकेक कपलर काढत जावे, ५ व्होल्ट परत आले की गुन्हेगार सापडला. काही गाड्यांत पेडलचा सिग्नल आधी केबिनमधल्या दुसऱ्या कंट्रोलरकडे जातो आणि तिथून कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन लाइनवर संदेशाच्या रूपाने इंजिनला मिळतो. तिथे बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांमध्ये ६० ओहम येतात का, हे आधी पाहावे. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर सर्किटबाहेर आहे. याखेरीज टेप, पंखा, सजावटीचे दिवे यांच्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढण्याची सवय आहे. त्याने दोन बॅटऱ्यांचा तोल जातो, स्टार्ट करताना व्होल्टेज खोल पडते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भानगडी सुरू होतात.

टँकरांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी खास आहेत आणि लोणी काळभोरसारख्या ठिकाणी तपासाची सुरुवात तिथूनच व्हावी असे मला वाटते. पहिली स्पीड गव्हर्नरची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११८ व्या नियमाने मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, पण टँकर, डंपर आणि धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांना ती ६० ची आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर कंपनीनेच, कारखान्यात किंवा विक्रेत्याकडे, बसवून द्यायचा असतो. त्याआधीच्या गाड्यांना तो बाहेरून बसवावा लागला. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत बाहेरून बसवलेला गव्हर्नर काम कसे करतो? तो पेडल आणि ईसीयू यांच्या मधोमध बसतो, पेडलचे दोन्ही सिग्नल स्वतः घेतो आणि वेग मर्यादेला पोचला की पुढे कमी केलेले सिग्नल पाठवतो. म्हणजे ज्या सहा तारांवर ईसीयूचा एवढा कडक पहारा आहे त्याच तारा कापून ही डबी जोडलेली असते. जोड पिळून वर टेप गुंडाळलेला असेल तर पाण्याने, हादऱ्याने तो जोड सैल होणारच. डबीला अर्थिंग बॉडीवरून दिलेली असेल तर तिचा तळ ईसीयूच्या तळाशी जुळत नाही आणि वर सांगितलेला ०.३ व्होल्टचा हिशेब इथे तंतोतंत लागू होतो. तपासायला दोन मोजमापे पुरतात: डबीत जाणारे सिग्नल आणि डबीतून निघणारे सिग्नल. आत नीट, बाहेर बिघडलेले असे दिसले तर पेडल सुटले. त्यानंतर डबी काढून टाकून तारा सरळ जोडणे हा उपाय नव्हे. कायद्याने सक्तीची वस्तू आहे, आणि बारा-वीस हजार लिटर इंधन घेऊन धावणाऱ्या गाडीला ती असायलाच हवी. ती बदलून, योग्य कपलरने पुन्हा बसवावी.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या मास्टर स्विचची. पेट्रोलियमची ने-आण करणाऱ्या वाहनाला बॅटरी तोडणारा स्विच हाताशी असावा लागतो आणि भरणीच्या वेळी इंजिन बंद करून तो बंद करायचा असतो. ही शिस्त योग्यच आहे. पण स्टेज-६ च्या गाडीत चावी बंद केल्यावरही ईसीयू थोडा वेळ जागी असते. ती आपल्या नोंदी साठवते आणि धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या नळीतला द्रव मागे ओढून घेते. चावी काढल्याक्षणी मास्टर स्विच पाडला की हे काम अर्धवट राहते आणि पुढच्या स्टार्टला भलतेच कोड दिसतात. कंपनीने सांगितलेला एक-दोन मिनिटांचा वेळ रांगेत उभे असतानाच देता येतो. गेटवर आल्यावर देता येत नाही. शिवाय दिवसातून अनेकदा उघडझाप होणाऱ्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजतात. स्टार्टर फिरत असताना स्विचच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट पडतात हे मोजणे कुणाच्या यादीत क्वचितच असते. ते पहिल्या पाचांत हवे.

रेस न घेण्याचे प्रत्येक कारण पेडलच्या सर्किटमध्येच असते असेही नाही. ब्रेकचा स्विच अडकला आणि ब्रेक दाबलेलाच आहे असे ईसीयूला वाटत राहिले, तर बऱ्याच गाड्यांत ती पेडलचे ऐकत नाही. सुरक्षेसाठी ब्रेकचा शब्द वरचा मानलेला असतो. मागचे ब्रेक लाइट सतत पेटलेले दिसले तर अर्धा तपास तिथेच झाला. युरिया संपला किंवा भेसळीचा निघाला तर स्टेज-६ ची गाडी मुद्दाम ताकद कमी करते. फिल्टर चोक झाला, टर्बोची नळी फाटली, तरी ड्रायव्हरचे वाक्य तेच असते. आणि एक घोटाळा स्टेज-६ नेच आणला. या इंजिनांत हवेच्या वाटेवरही एक थ्रॉटल झडप असते. ती ताकद ठरवत नाही. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी तापमान वाढवायला आणि ईजीआरला, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेला, मदत करायला ती असते. तिच्या सेन्सरचा क्रमांक एसपीएन ५१. ती काजळीने अडकली तर सहसा स्प्रिंगने उघडी राहते, गाडी चालत राहते, पण फिल्टरची सफाई पुरी होत नाही. ‘थ्रॉटल सेन्सर’ एवढेच ऐकून केबिनमधले पेडल बदलणे आणि हवेची झडप साफ करणे यांत उलटापालट झाली की मालकाचे पैसेही जातात आणि दोषही तसाच राहतो.

यावर गॅरेजवाल्यांचा पहिला आक्षेप वेळेचा असतो आणि तो पोकळ नाही. पेडल दहा मिनिटांत बदलते, मोजमापाला तास जातो, गाडी रांगेत आहे, मालक फोनवर आहे. दुसऱ्या गाडीचे चांगले पेडल लावून पाहणे ही चाचणी म्हणून मला मान्यही आहे. अडचण तिचा अर्थ लावण्यात आहे. पेडल बदलताना कपलर निघतो आणि परत बसतो, पिना घासल्या जातात, गंज थोडा खरवडला जातो; गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या पेडलला मिळते. महिन्याभराने पुन्हा तोच कोड. म्हणून नियम असा हवा की गाडी सुधारली तरी जुने पेडल परत लावून पाहायचे. जुन्यानेही चालू झाली तर दोष कपलरचा होता आणि नव्या पेडलचे पैसे वाचले. पेडल खरोखर खराब होतेच. पट्टीच्या जातीत पत्ती जिथे सर्वाधिक घासते, म्हणजे पाय वर असताना आणि ठरावीक वेगाच्या जागी, तिथे कार्बन झिजतो. ते शोधायला स्कॅनरवर आलेख लावून पेडल अगदी सावकाश दाबावे, रेष एखाद्या जागी तुटते का पाहावे आणि त्याच वेळी तारा हलवून पाहाव्यात. तार हलवल्यावर रेष तुटली तर तार, ठरलेल्या एकाच कोनात तुटली तर पट्टी. हॉलच्या जातीला ओहम मोजून काहीच कळत नाही; तिचा तपास व्होल्टवरच होतो, हे जुन्या सवयीच्या हातांना मुद्दाम सांगावे लागते.

दुसरा आक्षेप जुन्या पंपाच्या आठवणीतून येतो: तेव्हा रस्त्याकडेला पाना-हातोडीने काम होत असे, आता माणूस कंपनीवर अवलंबून झाला. या दुःखात खरेपणा आहे, पण चित्र अपुरे आहे. मायकोचा पंप बिघडला की तोही रस्त्याकडेला दुरुस्त होत नसे. तो उतरवून पंपवाल्याकडे जाई आणि टेस्ट बेंचवर लागे. शिवाय तो स्वतःबद्दल काही सांगत नसे. इलेक्ट्रॉनिक सर्किट दोषाची जात सांगते, वेळ नोंदवते, दोष आत्ता चालू आहे की जुना आहे हेही सांगते. तपासाच्या दृष्टीने ही गाडी जास्त बोलकी आहे. मिस्त्रीच्या बाजूने उणीव कौशल्याची कमी आणि माहितीची जास्त आहे. सहा तारांपैकी कोणती कोणाची, रंग कोणते, ईसीयूच्या कोणत्या पिनेवर जातात आणि विश्रांतीला किती व्होल्ट हवेत, एवढे कागदावर असेल तर ज्याला मीटर वापरता येतो असा कुठलाही वायरमन हे काम करू शकतो. आयटीआयचा मेकॅनिक डिझेलचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. एवढ्या काळात इंजिन उघडून जोडायला शिकवून वर सिग्नलचे मोजमाप हातात बसवणे अवघड आहे, हे मान्य करून त्यात प्रत्यक्ष वायरिंगचे तास वाढवायला हवेत.

टँकरवर काम करताना घाईला आणखी एक मर्यादा आहे. पेट्रोलियम नियम, २००२ आणि नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना यांच्या कक्षेत ही वाहने येतात. टाकी मोकळी करून वायुमुक्त केल्याशिवाय ज्वालेचे वा ठिणगीचे काम नाही, हा दंडक सोल्डरिंगलाही लागू मानायला हवा. रिकामा पेट्रोलचा टँकर भरलेल्यापेक्षा कमी धोक्याचा नसतो, कारण आत वाफ असते. म्हणून टर्मिनलच्या रांगेत कपलर उघडून तारा एकमेकींना लावून पाहणे, बॅटरीच्या टोकावर तार टेकवून ठिणगी पाडणे, हे प्रकार पूर्ण बंद हवेत. रांगेत फक्त कोड वाचावा, ब्रेक लाइट आणि पेडलखालची चटई पाहावी, आणि गाडी बाजूला मोकळ्या जागी नेऊन मोजमाप करावे.

राहिला माहितीचा प्रश्न, आणि शेवटी तोच निर्णायक आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. पुढे अपिले झाली. तो खटला मोटारगाड्यांचा होता, ट्रकांचा नव्हता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत वाहन उद्योग आहे, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. युरोपात मात्र जड वाहनांच्या युरो-६ नियमातच, २००९ च्या ५९५ क्रमांकाच्या नियमनात, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना देण्याचे बंधन घातले होते. आपण धुराची मर्यादा तिथल्या नमुन्यावर घेतली. माहितीचे हे बंधनही तिच्याबरोबर घ्यायला हवे होते. कंपन्यांचा आक्षेप असा की माहिती उघडी केली तर लोक धुराची यंत्रणा बंद पाडतील, वेगाची मर्यादा काढतील. ही भीती खरी आहे, तसे करणारे आहेत. पण ईसीयूतला प्रोग्राम बदलणे आणि सर्किटचे व्होल्टेज वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले कुलूपबंद ठेवण्याला कुणाचीच हरकत नसावी. दुसऱ्यासाठी लागते ती पिनांची यादी, तारांचे रंग, अपेक्षित आकडे आणि थेट आकडे दाखवणारा स्कॅनर. यातल्या कशानेही युरियाची टाकी निकामी करता येत नाही. उलट आज माहिती नसल्यामुळेच मिस्त्री गव्हर्नरची डबी काढून तारा सरळ जोडतो, कारण तिच्यात शिरणारे आणि निघणारे सिग्नल किती असावेत हे त्याला कुणी सांगितलेले नसते. गव्हर्नर विकणाऱ्याने जोडणीची आकृती आणि ते चार आकडे गाडीच्या कागदपत्रांसोबत द्यावेत, आणि योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी डबी आहे का एवढेच न पाहता तिच्या दोन्ही बाजूंचे सिग्नल मोजले जावेत. आरटीओच्या निरीक्षकाला त्यासाठी एक मीटर आणि पाच मिनिटे लागतील.